सुईला नाक की डोळा: मराठी माध्यमाच्या पोरांना इंग्रजी अलंकार, पटवून देणं आणि शब्द कसे शिकवायचे

प्रश्न कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर भागातल्या एका तरुण सरांचा आहे. थोडक्यात सांगायचं तर, नववी-दहावीची मराठी माध्यमाची मुलं, सिमिली (उपमा) म्हणजे काय विचारलं की व्याख्या घडाघडा म्हणतात पण नवीन कवितेतली ओळ समोर टाकली की गप्प. पत्र लिहायला दिलं तर ४० वह्यांत एकच पत्र. शब्दार्थ पाठ करून घेतले तर पुढच्या सोमवारपर्यंत साफ विसरलेले. कुठं चुकतंय असं त्यांनी विचारलंय.

सर, मी बेळगाव तालुक्यातल्या मराठी हायस्कुलात २६ वर्षं इंग्रजी शिकवतेय आणि पहिली ८-९ वर्षं मी अगदी तुमच्यासारखंच करत होते, फळ्यावर व्याख्या, खाली "ही इज ॲज ब्रेव्ह ॲज अ लायन", पोरं उतरून घेणार, परीक्षेत तेच लिहिणार आणि आपण खूश. त्यामुळं तुमची अडचण मला चांगलीच माहीत आहे. माझं मत आता पक्कं झालंय की आपण क्रमच उलटा लावलाय. आपल्या भागातलं पोरगं अलंकार तीनदा शिकतं, मराठीच्या तासाला उपमा-रूपक, कन्नडच्या तासाला उपमालंकार-रूपकालंकार, आणि इंग्रजीच्या तासाला सिमिली-मेटाफर. तिन्ही तासांना वेगळे शिक्षक, वेगळी वही, आणि या तिन्ही एकच गोष्टी आहेत हे त्याला कुणी सांगतच नाही. वर तेच पोरगं घरात, शेतात, एसटीच्या स्टँडवर दिवसभर अलंकारातच बोलत असतं. कन्नडमध्ये म्हण आहे, हित्तल गिड मद्दल्ल, परसातलं झाड औषधाला चालत नाही म्हणतात तसं, म्हणजे आपलं पिकतं तिथं विकत नाही. पोरांजवळचं हे भांडवल आपण तासाला वापरतच नाही.

मी काय करते ते सांगते. पहिल्या दिवशी वर्गात सुई, एक जुनं गजराचं घड्याळ आणि मोड आलेला बटाटा घेऊन जाते. पुस्तक बंद. सुई दाखवायची, हे भोक आहे त्याला काय म्हणतात? कोण नेढं म्हणतं, कोण सुईचं नाक म्हणतं. कन्नडमध्ये काय? वर्गात घरी कन्नड बोलणारं किंवा कन्नड गल्लीतलं एक तरी पोरगं असतंच, ते सांगतं कण्णु, म्हणजे डोळा. इंग्रजीत? आय, परत डोळा. म्हणजे भोक एकच, मराठीनं त्याला नाक केलं, कन्नड आणि इंग्रजीनं डोळा केला. मग घड्याळ. मराठीत काटे, कन्नडमध्ये मुळ्ळु म्हणजे तेही काटेच, आणि इंग्रजीत हँड्स. एकदा वडगावची एक मुलगी पटकन म्हणाली, "मग मॅडम, इंग्रजांचं घड्याळ हात दाखवून टाइम सांगतंय की!" त्या क्षणी तिला मेटाफर कळला होता, शब्द अजून फळ्यावर आलासुद्धा नव्हता. मग बटाटा. आपल्याकडं बटाटा लावणारी घरं आहेत, बियाणं कापताना प्रत्येक फोडीला डोळा आला पाहिजे हे पोरांना माझ्यापेक्षा जास्त माहीत असतं. इंग्रजीतही पोटॅटोला आईजच म्हणतात. पण उसाच्या कांडीवरचा जो डोळा आहे त्याला मात्र इंग्रजीत बड म्हणतात, कळी. असं एकेक निघत जातं, बाटलीचं तोंड, टेबलाचा पाय, नदीचं मुख, पोरं घरी जाऊन आजीला विचारून आणखी घेऊन येतात, दुसऱ्या दिवशी फळा पुरत नाही.

या आठवड्यात मी सिमिली, मेटाफर, पर्सॉनिफिकेशन (निर्जीव गोष्टीला माणसासारखं वागवणं) हे शब्द एकदाही उच्चारत नाही. एकच प्रश्न विचारते, खरंच डोळा आहे काय तिथं? नाही ना, मग असं का म्हटलं? हा "का" पोरांच्या तोंडात बसला की अर्धं काम झालं.

नाव द्यायची वेळ येते तेव्हा मराठी व्याकरणाची मदत घ्या सर, यात कमीपणा काही नाही उलट आपलं व्याकरण इथं जास्त नेमकं आहे. उपमेचे चार भाग आपण आठवीपासून शिकवतो, उपमेय, उपमान, साधारण धर्म आणि साधर्म्य दाखवणारा शब्द. "माय मदर इज ॲज बिझी ॲज अ बी" यात आई उपमेय, मधमाशी उपमान, बिझी हा साधारण धर्म, ॲज-ॲज हा जोडणारा शब्द. आता एकेक भाग काढून टाका. जोडणारा शब्द आणि साधारण धर्म दोन्ही काढले की उरतं "माय मदर इज अ बी". आता आई कशात मधमाशीसारखी हे वाचणाऱ्यानं शोधायचं, कष्टात, गोळा करण्यात, की डंख मारण्यात. मेटाफर जड का जातो तर तिथं साधारण धर्म लिहिलेलाच नसतो, तो आपल्याला भरावा लागतो. हे समजल्यावर पोरं कवितेत तो रिकामा भाग शोधायला लागतात आणि तुमची "नवीन ओळ आली की गप्प" ही तक्रार इथंच सुटायला लागते. म्हणीही घ्या. मातु बेळ्ळी, मौन बंगार, कन्नडमध्ये बारकी पोरंपण म्हणतात, आणि इंग्रजीत "स्पीच इज सिल्व्हर, सायलेन्स इज गोल्डन". कुठं लाइक नाही, ॲज नाही, सरळ बोलणं चांदी, गप्प बसणं सोनं.

दोन-तीन खड्डे आहेत ते आधीच सांगून ठेवते कारण दरवर्षी पोरं त्यातच पडतात. एक म्हणजे लाइक किंवा ॲज दिसलं की डोळे मिटून सिमिली लिहिणं. "आय लाइक मँगोज" यात तुलना नाही, "माय फादर वर्क्स ॲज अ ड्रायव्हर" यातही नाही कारण वडील खरोखरच ड्रायव्हर आहेत, "ॲज सून ॲज" तर वेळेचं झालं. आणि "शी लुक्स लाइक हर मदर" हीसुद्धा सिमिली नाही, दोन्ही माणसंच, खरंच तोंडवळा सारखा आहे. अलंकार व्हायला दोन गोष्टी मुळात वेगळ्या जातीच्या लागतात. दुसरा खड्डा उत्प्रेक्षेचा. मराठीत जणू, गमे, भासे आलं की उत्प्रेक्षा म्हणून आपण वेगळा अलंकार शिकवतो, शाळेच्या इंग्रजीत त्याला वेगळी पेटी नाही, "ॲज इफ" असलं की ते बहुतेक सिमिलीतच धरतात. हुशार पोरगं इथं अडतं कारण त्याला फरक दिसत असतो, त्याला शाबासकी द्या आणि सांगा की तुला दिसलेला फरक खरा आहे, इंग्रजीच्या वर्गात त्याला वेगळं नाव देत नाहीत एवढंच. हायपरबोली म्हणजे अतिशयोक्ती तर शिकवावीच लागत नाही, "तुला हजारदा सांगितलं" हे "आय हॅव टोल्ड यू अ थाउजंड टाइम्स" असं जसंच्या तसं बसतं. आणि आवाजाचे शब्द, खळखळ, सळसळ, कडकड, यात मराठीचा हात कोण धरणार, वडगाव-शहापूरच्या विणकरांच्या मागांच्या आवाजाला पोरांनी पाच शब्द काढले होते, मग इंग्रजीचे क्लॅटर, रॅटल, हम त्याला जोडून दिले.

पण सगळंच जुळतं असं पोरांना वाटू देऊ नका. गजगामिनी म्हणजे आपल्याकडं सुंदर चाल, इंग्रजीत बाईला हत्तीसारखी चालते म्हणालात तर अपमान. घुबड आपल्याकडं अशुभ, तिकडं "ॲज वाइज ॲज ॲन आउल". चंद्रासारखा चेहरा आपल्याकडं कौतुक, त्यांच्याकडं नुसता वाटोळा चेहरा. प्रत्येक उपमेच्या मागं एक गाव असतं, तिथली माणसं त्या प्राण्याकडं कशी बघतात ते माहीत पाहिजे. म्हणून मी पोरांना इंग्रजीच्या तयार उपमा पाठ करायला देत नाही, आपल्याच गावच्या नवीन बनवायला लावते. "रेन्ड कॅट्स अँड डॉग्ज" तर माझ्या वर्गात बंदच आहे, जुनं झालंय ते, आता फारसं कुणी बोलत नाही आणि आपली पोरं मात्र प्रत्येक पावसाच्या निबंधात घालतात. कणकुंबी-जांबोटीचा पाऊस बघितलेल्या पोराला कुत्री-मांजरं उसनी आणायची गरज काय? एका मुलानं लिहिलं होतं, "द रेन स्टेड इन अवर हाउस लाइक अ गेस्ट हू हॅज फरगॉटन हिज होम." व्याकरणाच्या चुका त्या पानावर सात होत्या, मी त्या नंतर दुरुस्त केल्या, आधी ते वाक्य वर्गाला वाचून दाखवलं.

आता पटवून देण्याचं. ॲरिस्टॉटलनं दोन हजार वर्षांहून आधी सांगून ठेवलंय की माणूस तीन गोष्टींनी पटतो, बोलणाऱ्यावरचा विश्वास, ऐकणाऱ्याच्या भावना आणि मुद्द्यातला तर्क, इथॉस, पेथॉस, लोगॉस. ही तीन नावं फळ्यावर लिहून सुरुवात केली तर तास तिथंच बसतो. मी पोरांना आठवड्याच्या बाजारात पाठवते, काम एकच, विकणाऱ्यांची पाच वाक्यं जशीच्या तशी वहीत आणायची. काय काय येतं बघा. "तीस वर्षं याच जागेवर बसतोय मावशी." हा विश्वास. "बोहनीचा टाइम आहे, असं नका करू." ही भावना. "किलोला चाळीस, पण दोन घेतलंत तर सत्तर, दहा वाचले की." हा तर्क. "सकाळपासून सगळे हेच नेतात." हे बँडवॅगन, सगळे करतात म्हणून तुम्हीही करा. "शेवटचे दोनच वाटे उरलेत." ही टंचाईची भीती. "आधी खाऊन बघा, मग पैसे द्या." हा परत विश्वास. "घरी पाहुणे आले तर काय ठेवणार पुढं?" उत्तर नको असलेला प्रश्न, म्हणजे रेटॉरिकल क्वेश्चन. पुस्तकातली सगळी तंत्रं एका भाजीच्या गल्लीत मिळतात. मग पोरं त्या वाक्यांचं इंग्रजी करतात, जिथं होत नाही तिथं थांबतात, आणि बोहनीला इंग्रजीत काय म्हणायचं यावर अर्धा तास जातो तो जाऊ द्या, तो वाया जात नाही. "द फर्स्ट सेल ऑफ द डे" असं साधं लिहिलं तरी चालतं, पण दिवसाच्या पहिल्या गिऱ्हाइकाला परत पाठवू नये ही भावना त्यात येत नाही, ती वेगळ्या वाक्यात सांगावी लागते, आणि हे कळणं म्हणजेच लिहिणं शिकणं.

पत्राचं म्हणाल तर ४० वह्यांत एकच पत्र येतं कारण आपण ४० जणांना खोटं कारण देतो. खरं कारण द्या. आमच्या शाळेत लांबच्या गावाहून चालत येणाऱ्या मुली होत्या, शाळा सुटल्यावर त्यांच्या गावाला बस नव्हती. बसच्या वेळेसाठी पत्र लिहायचं ठरलं. पहिलं पत्र आलं ते नेहमीचंच, "वुई आर फेसिंग मेनी प्रॉब्लेम्स, काइंडली डू द नीडफुल". मी विचारलं, वाचणाऱ्याला यातून काय दिसलं? काहीच नाही. किती मुली? मोजल्या, २३. किती किलोमीटर? साडेचार. घरी किती वाजता पोचतात, पावसात वाटेत ओढ्याला किती पाणी असतं? हे सगळं घालून दुसरं पत्र झालं, पहिल्याच वाक्यात "ट्वेंटी-थ्री गर्ल्स ऑफ अवर स्कूल वॉक फोर अँड अ हाफ किलोमीटर्स होम एव्हरी इव्हनिंग." मग एका मुलीनं स्वतः होऊन घातलं की आम्हाला माहीत आहे गाड्या कमी आहेत, नवीन गाडी नको, आहे त्याच गाडीची वेळ अर्धा तास पुढं घ्या. समोरच्याची अडचण आपणच आधी बोलून दाखवणं हे पटवण्यातलं सगळ्यात मोठं हत्यार आहे आणि शाळेच्या नोट्समध्ये ते बहुतेक नसतंच. शेवटी नेमकी मागणी, तारखेसह. उत्तर यायला दोनदा स्मरणपत्र पाठवावं लागलं, पण त्या २३ जणींना परीक्षेतल्या पत्राची भीती नंतर कधी वाटली नाही.

एक गोष्ट यात मी कधीच सोडत नाही, ती म्हणजे ही तंत्रं आपल्यावर चालवली जातात ती ओळखणं. आपल्या पोरांच्या घरात सध्या सगळ्यात जास्त वाचलं जाणारं इंग्रजी कुठलं, तर मोबाइलवर येणारे मेसेज. "डिअर कस्टमर, युअर अकाउंट विल बी ब्लॉक्ड टुडे, अपडेट इमिजिएटली" आणि खाली लिंक. हा मेसेज मी फळ्यावर लिहिते आणि पोरांना उकलायला लावते. डिअर कस्टमर म्हणून बँक असल्याचा आव आणला, ब्लॉक्डनं भीती घातली, टुडे आणि इमिजिएटली म्हणून विचार करायला वेळ ठेवला नाही, आणि मग लिंक म्हणजे काय करायचं ते. नाव नाही, शाखा नाही. नववीच्या पोरानं हे एकदा स्वतः उकललं की तो घरी जाऊन आजोबांना सांगतो, लिंक दाबू नका, आणि आपण इंग्रजी शिकवल्याचं मला सगळ्यात जास्त समाधान तिथं मिळतं. मुद्दा खरा असताना पटवणं आणि फसवणं यातला फरक यावर वर्गात बोला, पोरं फार मोकळं बोलतात.

शब्दांकडं येते. शब्द आणि अर्थ अशी दोन रकान्यांची वही बंद करा. एबिंगहाउस नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञानं १८८५ साली स्वतःवरच पाठांतराचे प्रयोग करून दाखवलं होतं की पाठ केलेलं पहिल्या काही तासांत-दिवसांतच सगळ्यात झपाट्यानं जातं, म्हणजे तुमच्या पोरांचा दोष नाही. उपाय एकच, थोडे शब्द आणि परत परत आठवायला लावणं, नुसतं वाचायला नाही. मी आठवड्याला १० च शब्द घेते. बुटाच्या खोक्यात कप्पे करून चिठ्ठ्या ठेवायच्या, दुसऱ्या दिवशी, मग चार दिवसांनी, मग पुढच्या आठवड्यात, मग महिन्यानं, चिठ्ठी उघडायची आणि त्या शब्दाचं आपल्या गावातलं वाक्य सांगायचं. वाक्य आलं तर चिठ्ठी पुढच्या कप्प्यात, नाही आलं तर पहिल्या कप्प्यात परत.

शब्द एकटा देऊ नका, त्याची भावंडं सोबत द्या. पोरांना इंजेक्शन माहीत आहे, प्रोजेक्टर माहीत आहे, फॉर्म रिजेक्ट झालेला माहीत आहे. या तिन्हीत ते जेक्ट आहे, लॅटिनमध्ये फेकणं, इंजेक्ट आत टाकणं, प्रोजेक्ट पुढं टाकणं, रिजेक्ट मागं टाकून देणं. इन्स्पेक्टरमधलं स्पेक्ट म्हणजे बघणं, मग इन्स्पेक्शन, स्पेक्टॅकल्स. खेड्यातलं पोरगंसुद्धा अशी कितीतरी मुळं खिशात घेऊन फिरतं. उलटही सांगा, मुंगूस हा आपला मराठी शब्द पोर्तुगीजांमार्फत इंग्रजीत जाऊन माँगूस झाला, हे ऐकून पोरांची छाती फुगते. पावसाचे शब्द तर चढत्या क्रमानं लावून घ्या, भुरभुर ते मुसळधार, शेजारी ड्रिझल, शॉवर, डाउनपोर.

सावध राहायचं ते ओळखीच्या शब्दांपासून. "आजोबा सिरियस आहेत" म्हणजे आपल्याकडं आजोबा अत्यवस्थ, पण "माय ग्रँडफादर इज सिरियस" म्हणजे आजोबा गंभीरपणे बोलतायत, चेष्टा करत नाहीत. हॉटेल म्हणजे आपल्याकडं चहा-भजी, तिकडं मुक्काम. "लई डेंजर पाऊस" लिहिताना डेंजरस करावं लागतं. आणि खाणे हे क्रियापद बघा, मार खाणे, भाव खाणे, डोकं खाणे, पैसे खाणे, यातलं एकही ईट घालून सरळ होत नाही, शब्दाची जोडी प्रत्येक भाषेची आपली असते म्हणून जोडीच शिकवा, मेक अ मिस्टेक, हेवी रेन, स्ट्राँग टी.

आणखी एक खोड आपल्या भागात फार, मोठा शब्द म्हणजे चांगला शब्द. बायच्या जागी पर्चेस, बिगिनच्या जागी कमेन्स. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, त्यांची फ्रेंच दरबारात बसली, म्हणून इंग्रजीत घरचा एक आणि दरबारचा एक असे जोडशब्द झाले, हेल्प-असिस्ट, आस्क-इन्क्वायर. आपल्याकडं फारसीनं अर्ज, दाखला, तहसीलदार दिले तसंच ते. कचेरीचा शब्द कचेरीत, पण माणसाचं मन वळवायचं असेल तर घरचा शब्द. ते २३ मुलींचं पत्र परत बघा, त्यात वॉक आहे, होम आहे, एव्हरी इव्हनिंग आहे, एकही मोठा शब्द नाही.

परीक्षेची काळजी असेल तर ती नावं, व्याख्या, पाठ्यपुस्तकातल्या ओळी हे सगळं जानेवारीनंतर दोन आठवड्यांत होतं, तोवर पोरांना वस्तू माहीत झालेली असते, फक्त लेबल चिकटवायचं असतं. स्पेलिंगला मात्र वेळ द्या, पर्सॉनिफिकेशन आणि हायपरबोलीचं स्पेलिंग हमखास चुकतं. आणि या वर्षाचं नियोजन करायच्या आधी तुमच्या शाळेतल्या कन्नडच्या आणि मराठीच्या मॅडमना विचारून घ्या त्यांचा अलंकारांचा धडा कधी येतो, आणि तुमचा सुई-घड्याळाचा आठवडा त्याच आठवड्यात ठेवा.